गुढीच्या काठीचा गळ

अप्पांना मी कधी पूर्ण कप चहा पिताना पाहिलं नव्हतं. काकूंना शुगरचा त्रास, म्हणून त्या घरात चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि अप्पांच्या कपात वरून साखर पडायची. ती ढवळावी लागते, एवढा धीर अप्पांकडे कुठला? उभ्याउभ्या वरचे दोन घोट घ्यायचे, "फिक्का हाय," म्हणायचं आणि चपलेत पाय सरकवायचे. मागून काकू ओरडायच्या, "अवो, साखर टाकलीय की त्यात!" तोवर अप्पा कोपऱ्यावरच्या आपल्या किराणा दुकानात पोचून कुणाला तरी न मागितलेली तूरडाळ तोलून देत असायचे. त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी हा वाद ऐकला, आणि नंतर तो माझ्या अलार्मच्या जागी आला.

मी राहायचे पूर्णेत आणि शिकवायला जायचे चुडाव्याच्या शाळेत, पॅसेंजरने. माझी गाडी हा अप्पांच्या जिवाला लागलेला घोर होता. गाडीने अजून परभणीसुद्धा सोडलेली नसायची आणि खालून हाक यायची, "मॅडम, गेली गाडी!" सुरुवातीला मी केस ओले ठेवून स्टेशन गाठायचे आणि प्लॅटफॉर्मवर बसून वाळवायचे. मग निर्ढावले. मी निर्ढावले हे कळल्यावर ते जिना चढून दारात येऊन उभे राहू लागले. "बसून काय व्हतंय, मॅडम? निघा की."

"बसून काय व्हतंय" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. दुकानात गादी होती, तिच्यावर मांजर बसायचं. गिऱ्हाइकाने "अप्पा, पाव किलो..." एवढं म्हटलं की पुढचा शब्द ऐकायच्या आत काटा हलायला लागायचा, निम्मं गाव पोहे मागायला जाऊन रवा घेऊन यायचं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की हे जाऊन गॅस बंद करायचे, म्हणून त्या घरातली डाळ कायम दाताखाली यायची. अंगणात कोथिंबीर पेरली, तर दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब आलाय का ते बघायचे. कोंब आलेला नसायचा, आणि उकरल्यावर तो येण्याची शक्यताही उरायची नाही. अशा माणसाच्या घरात राहिलं की आपल्यालाही उगाच धाप लागते. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तक घेऊन पडले तरी खालून चपलांचा आवाज यायचा आणि आपलं काहीतरी करायचं राहिलंय असं वाटत राहायचं.

दिवसातून एकदाच ते स्थिर व्हायचे. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ते देवघरापुढे बसायचे. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचे, ते डाव्या तळहातावर ठेवायचे आणि तळहात डोळ्यांसमोर धरून एकटक बघायचे. तेवढा वेळ तो हात जराही हलायचा नाही. पायाचा अंगठा मात्र मांडीखाली नाचत असायचा, तो मी जिन्यावरून येताजाता पाहिलेला आहे.

अशा माणसाचा एकुलता एक जिवलग दोस्त म्हणजे मालगाडीचा रिटायर झालेला गार्ड होता. गार्डसाहेबांची सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात सिग्नलची वाट बघण्यात गेलेली. तासन्‌तास स्टेशनबाहेर आऊटर सिग्नलला उभं राहायचं, समोर एक बाभळीचं झाड आणि त्यावर एक कावळा, एवढ्यावर दिवस काढायचा. अप्पांच्या दुकानात शांतपणे उभं राहून आपलं पूर्ण वाक्य बोलणारं हे एकमेव गिऱ्हाईक. अप्पांनी मध्येच रवा तोलायला घेतला की ते तो तोलून होईपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "अब पोहे दो." त्यावरून दोस्ती जमली म्हणतात.

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की दोघे नदीवर जायचे. गार्डसाहेब गळ टाकून डोहाच्या काठावर बसायचे आणि अप्पा त्यांच्या मागे काठाने येरझाऱ्या घालायचे. अप्पांच्या लिंगायत घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिजलेला पाहिला नव्हता. मासा लागला की ते तोंड फिरवून "शिव शिव" म्हणायचे आणि पाठमोऱ्यानेच विचारायचे, "बारका हाय का? मग सोडा की." गार्डसाहेब सोडायचे. बहुतेक वेळा लागायचाच नाही. "अप्पा, तुमारे पैरां की आवाज सुन को मच्छी नांदेडकू गई," असं ते म्हणायचे, आणि तरीही दर रविवारी अप्पांना सोबत घेतल्याशिवाय निघायचे नाहीत. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या नाक मुरडायच्या, पण रविवारी दुपारी दोघांच्या थर्मासमध्ये चहा भरून त्याच द्यायच्या.

दिवाळीनंतर गार्डसाहेबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं जड होतं, पण येत होतं. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की माणसाला उठवा, बसवा, चांगला हात चालू ठेवा. पडून राहिला तर तो पडूनच राहील. आणि गार्डसाहेबांनी नेमकं पडून राहायचं ठरवलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचे. सून जेवायला उठवायची तर "नक्को". मुलाने हैदराबादहून चाकाचा, चकचकीत गळ आणून उशाशी ठेवला. त्याचं चाक फिरवायला उजवा हात लागत होता. गार्डसाहेबांनी तो पलंगाखाली सरकवायला लावला.

अप्पा रोज जाऊन यायचे आणि आले की अंगणात गोल गोल फिरायचे. वाट बघणं ज्याला जमायचं तो माणूस आता कशाचीच वाट बघत नव्हता, आणि हे अप्पांना सहन होत नव्हतं. एका संध्याकाळी फिरता फिरता ते थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, एका हाताला झेपंल आशी गळाची काठी पायजे. हलकी. डाव्या हाताची. मीच करतो." त्यांनी आयुष्यात साधी खुंटीसुद्धा ठोकलेली नव्हती, पण ते बोलायची सोय नव्हती. ते बाहेर पडलेही होते.

बुरूड गल्लीतल्या एका बाईकडून त्यांनी हिरवागार वेळू आणला. बाई म्हणाली होती, "अप्पा, वला हाय. सावलीला आडवा ठिवा, उन्हाळ्यात बगू." अप्पा घरी येईपर्यंत संतापलेले होते. "उन्हाळ्यापतोर मानूस भिताडाकडं तोंड करून निजायचा का?" त्यांनी वेळू गच्चीवर भर उन्हात टाकला. दिवसातून चार खेपा जाऊन वाळला का ते बघायचे, उलटा करायचे, पुन्हा बघायचे. आठवडाभरात त्याला बोट जाईल एवढी चीर पडली.

दुसरा वेळू उन्हावर विसंबून ठेवायला ते तयार नव्हते. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, तेही दीडपट वेगाने. त्यात कुणीतरी काठी जाळावर धरून सरळ करत होता. ती वाळलेली काठी होती हे सांगणारा भाग अप्पांनी पुढे सरकवला असणार. पाणी तापवायच्या चुलीवर त्यांनी ओला वेळू धरला. पेरातली कोंडलेली वाफ अशी फुटली की काकूंच्या हातून पिठाची परात पडली आणि शेजारचे लोक गॅसची टाकी गेली म्हणून धावत आले. धुरात, भिवया जळालेले अप्पा उभे. "कायी न्हाई, कायी न्हाई, जावा," म्हणत त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. तिसरी काठी मंडपवाल्याकडून आली. ती वाळलेली होती, सरळ होती, आणि मनगटाएवढी जाड होती. काकूंनी तिच्याकडे बघून विचारलं, "ह्येनं मासा धरायलाव का म्हैस हाकायलाव?"

मला हसू यायचं आणि राग पण यायचा. अंगणात चिरलेल्या, जळलेल्या वेळूंचा ढीग पडला होता, घरात राखेचा वास भरला होता, आणि हा माणूस दुकानात, रस्त्यात, जिन्यावर, जो भेटेल त्याला धरून काठीचं बोलत होता. तिकडे गार्डसाहेब रोज थोडे आणखी बारीक होत होते. अप्पांची घाई आता नेहमीची राहिली नव्हती. ते घाबरले होते.

त्या घराच्या पडवीत, देवघराच्या दारावर दोन खुंट्यांवर एक काठी आडवी असायची. जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेली. ती गुढीची काठी. काकूंच्या सासऱ्यांनी कधी काळी निवडून आणलेली, स्वयंपाकघराच्या धुरावर वाळलेली, दर पाडव्याला तेलाचं बोट फिरवून पुन्हा खुंटीवर चढणारी. मधासारखा रंग, अंगठ्याएवढी जाडी, आणि हातात घेतली तर आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी. सकाळी पूजा करताना अप्पा जिच्याखाली बसायचे, तीच ही. हिवाळाभर सगळं पूर्णा शहर पालथं घातलं तरी डोक्यावर बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

शिवरात्र झाली आणि काकू सेलूला लेकीकडे गेल्या, नातवाचं जावळ होतं म्हणून. शनिवारची सकाळची शाळा करून मी दुपारी परत आले तर फाटक उघडं, घर शांत. चपलांचा आवाज नाही. मला पहिल्यांदा वाटलं, माणसाला काही झालं की काय. अंगणात गेले आणि तिथेच थबकले.

अप्पा बसले होते. फरशीवर मांडी घालून, पुढ्यात काठी घेऊन, फुटलेल्या बरणीच्या काचेने एकेक पेर खरवडत होते. मी वर खुंट्यांकडे पाहिलं. खुंट्या रिकाम्या होत्या.

"मॅडम, तुमी कायी बगितलं न्हाई."

"बघितलं."

"बगितलं तर मग ह्ये टोक धरा."

मी टोक धरलं. दुसरं काय करणार? अंगावरची सावली निघून गेली, ऊन आलं, तरी अप्पा उठले नाहीत. जाड बाजूने हातभर तुकडा त्यांनी कापून टाकला, तेव्हा मात्र डोळे मिटून "शिव शिव" म्हणाले. पुडी बांधायचा दोरा शेंड्याला घट्ट गुंडाळून वर फेविकॉल चोपडला. सेफ्टी पिनेचं गोल तोंड कापून दोरीसाठी कडी केली. बुडाला जुन्या उपरण्याचा पट्टा शिवून घेतला. तो कोपराखाली बांधला की काठीचा भार हाताच्या पंज्यावर न येता सगळ्या हातावर येत होता. हे त्यांनी कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नव्हतं. स्वतःचा उजवा हात खिशात घालून, डाव्या हाताने उचलून बघत, चुकत चुकत त्यांना ते सापडलं. दोरीला तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला. सगळं झालं, आणि ते थांबले.

"आणि मासा अडकायचा काटा?" मी विचारलं.

"त्यो न्हाई माझ्या हातून व्हनार. जिवाला टोचायची वस्तू हाय ती. त्येंचं त्ये बगतील."

सोमवारी काकू आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांची नजर वर गेली. पुढचं मी माडीवरून ऐकलं, आणि समोरच्या घरानेही ऐकलं. "मामांजींच्या हातची काठी! गुढीची! अन् तुमी ती मासे मारायला कापली? आपल्या जंगमस्वामींच्या घरी सांगू का जाऊन?" अप्पा येरझाऱ्या घालत होते. "पाडव्याला काय उबं करू दारात? तुमच्या गार्डसायबाला?" त्यावर अप्पा पहिल्यांदा थांबले आणि म्हणाले, "उबा ऱ्हायला तर त्येला बी करू." काकूंनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं. कपात साखर मात्र पडत राहिली.

काठी घेऊन जायचं तेव्हा अप्पांनी मला सोबत ओढलं. एकट्याने जायची त्यांना भीती वाटत होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गार्डसाहेब नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडलेले. सुनेने खुर्ची दिली, तिच्यावर अप्पा अर्थातच बसले नाहीत. काठी त्यांनी पलंगावर ठेवली. गार्डसाहेबांनी मान वळवली, काठी बघितली, शेंड्याचा दोरा बघितला, पट्टा बघितला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि लगेच गेलं.

"बायाँ हात है अप्पा," ते म्हणाले. "उससे आदमी क्या करता, तुमकू मालूम. उससे शिकार नई करते, खाना नई खाते. नक्को." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

अप्पांनी सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली, गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. ते असं परक्या घरात, पूजेशिवाय, कुणापुढे काढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पलंगाला वळसा घालून ते भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरले, आणि तो हात त्यांनी गार्डसाहेबांच्या डोळ्यांपुढे धरला.

"ह्यो बी डावाच हाय," अप्पा म्हणाले. "रोज सकाळी माझा द्येव ह्येच हातावर बसतोय. माझ्या द्येवाला चालतोय. तुमच्या मासोळीला चालंना व्हय?"

अप्पांचा हात स्थिर होता. गार्डसाहेब त्या हाताकडे बघत राहिले, मग अप्पांच्या जळालेल्या भिवयांकडे बघितलं.

"नदी कू कौन ले जाता?" गार्डसाहेब म्हणाले.

दुकानाचा माल आणायच्या ॲपे रिक्षातून नेलं. प्लास्टिकची खुर्ची काठावर ठेवली, त्यांना बसवलं, कोपराखाली पट्टा बांधला. सुनेने मळून दिलेल्या कणकेची गोळी लावायला गार्डसाहेबांनी दोरी जवळ घेतली आणि टोकाकडे बघितलं. "अप्पा, काँटा किधर है?"

अप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "इसरलो."

गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचं तोंड एका बाजूने वाकडं होऊ लागलं, मला वाटलं पुन्हा झटका आला. ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "कांटे के बगैर गळ! ये तो मच्छी की दावत हो गई!" तरी त्यांनी दोरीला गाठ मारून घेतली, गाठीला कणीक लावली आणि डावा हात मागे नेऊन दोरी फेकली. पहिली पायाशीच पडली. दुसरी खुर्चीत अडकली. नंतरची एक डोहात गेली. धांडा तरंगला, थरथरला, बुडाला. हात वर आला. गाठ रिकामी. पुन्हा कणीक, पुन्हा डोह. सगळी दुपार ते मासे जेवू घालत बसले, आणि दर वेळी तो हात थोडा जास्त उंच जात होता. अप्पा मागे येरझाऱ्या घालत होते. गार्डसाहेबांनी न वळता सांगितलं, "चलते रहो. आज मच्छी भागी तो बी चलता."

त्यानंतर रविवारची वाट बघणं बंद झालं. एक दिवसाआड ॲपे नदीवर जाऊ लागली. गार्डसाहेब खुर्चीतून उठून उभे राहू लागले, सुनेकडे भाकरी मागू लागले, ॲपे उशिरा आली की अप्पांवर खेकसू लागले. काकू अजून बोलत नव्हत्या.

पाडव्याच्या सकाळी काकूंनी बाजारातून एक नवीन वेळू आणला होता. ओला, हिरवा. त्यावर तांब्या उपडा घालून उभा केला की तो वाकून शेजारच्या घरात डोकावायचा. काकूंनी तीनदा बांधला, सोडला, आणि शेवटी ओट्यावर बसून डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात फाटकाशी ॲपे थांबली. सुनेचा हात धरून गार्डसाहेब उतरले. कडी काढलेली, दोरी काढलेली, धुऊन पुसलेली काठी त्यांच्या डाव्या हातात होती. एकेक पाऊल टाकत ते अंगण ओलांडून आले.

"भाभी, तुमारी लकडी. आज दिनभर तुमारी. शाम कू मेरी."

काकूंनी काठीकडे बघितलं. मग त्या माणसाकडे, जो हिवाळाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला त्यांनी पाहिला होता. "मासा लागला का हिला?"

"एक बी नई भाभी. सब खा को गए, कोई आया नई."

पुढे पावसाळ्यात एकदा त्यांच्या घरावरून जाताना मला तळलेल्या मासळीचा वास आला होता. पण मासळी बाजारातही मिळते, आणि शिक्षिका झाले म्हणून मी सगळ्याच गोष्टींची चौकशी करत नाही.

काकूंनी काठी नळाखाली नेऊन पुन्हा धुतली, तेलाचं बोट फिरवलं, हळदकुंकू लावलं. खण, लिंबाचा डहाळा, साखरेची गाठी बांधली, तांब्या घातला. गुढी इतर घरांच्या गुढ्यांपेक्षा हातभर बुटकी होती. अप्पा दोर बांधेपर्यंत ती गार्डसाहेबांनी धरून ठेवली होती, डाव्या हाताने, उभं राहून.

आणि ते घरी गेलेच नाहीत. पुरणपोळी खाल्ली, ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि दुपार कलल्यापासून त्यांचा जीव राहीना. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची एवढंच त्यांना ठाऊक होतं. "भाभी, उतारते क्या?" थोड्या वेळाने पुन्हा, "भाभी, सूरज देखो कित्ता नीचे आया." पाय आपटत होते, खुर्ची करकरवत होते. हयातभर सिग्नलची वाट बघितलेला माणूस! "चलो ना अप्पा, अंधेरा हो को मच्छी सो जाती."

"बसा हो," अप्पा म्हणाले. "घाई काय हाय?"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी वळून बघितलं. अप्पा ओट्याच्या पायरीवर बसले होते, गार्डसाहेबांच्या खुर्चीला पाठ टेकून. त्यांनी कप घेतला. वर गुढीचा खण वाऱ्याने हलत होता, तिकडे बघत ते घोट घोट पीत राहिले. कप संपला. त्यांनी तो तिरका करून आत बघितलं, बोट घालून बुडाशी बसलेली साखर चाखली, आणि काकूंकडे मान वर करून विचारलं,

"साखर खाली असती व्हय गं?"